झोप आली, भूक आली, पुढे?

माझा थोरला भाऊ मनोविकारतज्ज्ञ आहे. विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात त्याची सगळी नोकरी झाली. माझी लेक मानसशास्त्रज्ञ आहे आणि कर्करोगाच्या पेशंटांबरोबर काम करते. दोघांचा एकमेकांवर फार जीव, पण अस्तित्ववादी मानसोपचाराचा विषय निघाला की दादाच्या कपाळाला आठी पडते आणि लेकीचा आवाज चढतो. यंदा दिवाळीत दोघं माझ्याकडे होते. वाद दोन-तीन बैठकांत झाला आणि मी तो जमेल तसा टिपून ठेवला. हा वाद त्या दोघांच्या व्यवसायापुरता नाही, असं मला मनापासून वाटतं. नैराश्याबद्दल आपल्या घरांतून बोलणं सुरू झालं हे चांगलंच झालं, पण ते बोलणं 'गोळ्या घे' आणि 'चांगले विचार कर' या दोन सल्ल्यांपाशी येऊन थांबतं. या दोन्हींत न मावणारं दुःख घेऊन माणसानं कुठे जायचं?

दादा: मला आधी एवढंच सांग, तुमचा हा प्रकार उपचार आहे की तत्त्वज्ञानाचा तास?

लेक: उपचारच आहे, मामा. फक्त सुरुवात वेगळ्या जागेवरून होते. तू विचारतोस, काय होतंय, कधीपासून, झोप कशी आहे. ते विचारायलाच हवं. पण माणसाच्या सगळ्या काळज्या बिघाडातून येत नाहीत, काही माणूस असण्यातूनच येतात, असं आम्ही धरून चालतो. आयर्विन यालोमनं १९८० सालच्या ग्रंथात अशा चार गोष्टी मांडल्या. आपण मरणार आहोत. निर्णय आपले आपल्यालाच घ्यावे लागतात. माणसं कितीही जवळची असली तरी काही ठिकाणी आपण एकटेच असतो. आणि जगण्याला आयता अर्थ मिळत नाही. यांना आपण कसं तोंड देतो, कुठे तोंड फिरवतो, त्यातून कोणते त्रास उभे राहतात, हे पेशंटच्या सोबतीनं बघायचं.

दादा: आणि मरणाची भीती बरी करायची?

लेक: ती बरी होत नाही, ओळखीची होते. पण तिच्यापासून पळायला माणूस जे जे करतो ते सुटू शकतं. दर महिन्याला नव्या तपासण्या, मुलांवरची पकड, दारू, स्वतःला कामात गाडून घेणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोलो मे क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून होता, तिथे त्यानं हे स्वतःवर आणि आजूबाजूच्या पेशंटांवर पाहिलं. १९५० च्या पुस्तकात त्यानं चिंतेचे दोन प्रकार सांगितले. एक, परिस्थितीला साजेशी चिंता, ती दाबायची नाही, तिचं ऐकायचं. दुसरी, जी माणसाला जखडून टाकते. आपण दोन्हींना एकच गोळी देतो, ही माझी तक्रार आहे.

दादा: गोळीवर येऊ नकोस. गोळीनं काय होतं ते मी पाहिलंय. एक तरुण शेतकरी सांगतो तुला. भावानं धरून आणला होता. पहाटे तीनला जाग यायची, अंगावर मांस उरलं नव्हतं, बोलायचं तर एकेका शब्दाला मिनिट लागायचं. म्हणायचा, जगण्यात काही अर्थ नाही. शिवाय गावात गारपीट झाली ती आपल्याच पापामुळे, अशी त्याची खात्री होती. आता याच्यापुढे बसून अर्थाची चर्चा करायची? मी ॲडमिट केलं, ईसीटी, म्हणजे विजेचे झटके, दिले, गोळ्या चालू केल्या. तिसऱ्या आठवड्यात राउंडला गेलो तर तो बायकोला विचारत होता, पिठलं आणलंस का म्हणून. मी मुद्दाम त्याला म्हटलं, अरे, ते जगण्याच्या अर्थाचं काय झालं? तो म्हणाला, 'तवा माहं डोकंच ठिकाण्यावर नव्हतं साहेब.' म्हणजे तुमचा तो सनातन प्रश्न तीन आठवड्यांत विरघळला. ज्याला तू प्रश्न म्हणतेस, तो कित्येकदा लक्षण असतो.

लेक: तुझं बरोबर आहे, आणि मी तेच केलं असतं, तुझ्याकडे पाठवला असता. नाझी छळछावण्यांतून वाचलेला मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकलही हेच सांगायचा. शरीरातून उठलेल्या नैराश्यात पेशंटला धीर धर, मन घट्ट कर, असं म्हणू नका. त्यानं त्याचं अपराधीपण वाढतं. हा आजार आहे आणि तो उतरणार आहे, एवढं त्याला कळू द्या. तो औषधांच्या विरोधात नव्हता. युद्धानंतर व्हिएन्नाच्या पॉलिक्लिनिकमध्ये न्यूरॉलॉजी विभागाचा तो प्रमुख होता, १९४६ पासून १९७० पर्यंत. पण मामा, तो शेतकरी पुढे आला परत?

दादा: आला. पुढच्या वर्षी. गोळ्या सोडल्या होत्या.

लेक: का सोडल्या?

दादा इथे थोडा वेळ गप्प राहिला. तो खोटं बोलत नाही, त्यामुळे मला त्याचं उत्तर महत्त्वाचं वाटतं. तो म्हणाला, घरच्यांनी जमीन भावाच्या हाती दिली होती. 'डोक्यावर परिणाम झालेला' म्हणून बैल कुणी त्याच्या हाती देत नव्हतं, बाजाराला पाठवत नव्हतं. दोन वेळा जेवायचा, ओट्यावर बसायचा. गोळ्यांनी झोप लागत होती, भूक लागत होती आणि दिवसभर करायला काहीही नव्हतं. बायकोनं सांगितलं, एक दिवस म्हणाला, कशासाठी खायच्या?

लेक: आता हा प्रश्न लक्षण आहे का?

दादा: नाही. पण त्याला तुझ्या थेरपीची गरज नव्हती. त्याला बैल परत हवे होते.

लेक: मान्य. पण बैल परत हवेत हे कुणाला कळणार? केसपेपरवर झोप आणि भूक लिहायला जागा आहे. तू घरी कोण आहेस, हे लिहायला जागा नाही.

दादा: बरं. आता माझं ऐक. तुमच्या परंपरेतली सगळ्यात गाजलेली केस तूच मला वाचायला दिली होतीस. एलेन वेस्ट.

ही केस मराठीत फारशी कुणाला ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगते. एलेन वेस्ट हे तिचं खरं नाव नव्हे. जाड होण्याची भयंकर भीती आणि खाण्याचा न सुटणारा ध्यास या कात्रीत ती वर्षानुवर्षं होती. कविता करायची, डायरी लिहायची. दोन मनोविश्लेषकांकडे जाऊन झाल्यावर जानेवारी १९२१ मध्ये नवऱ्यासह ती स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगन इथल्या बेलव्ह्यू या आरोग्यधामात दाखल झाली. तिथले प्रमुख होते लुडविग बिन्सवांगर. त्यांनी ऑयगेन ब्लॉयलर आणि आणखी एका तज्ज्ञाला बोलावून सल्लामसलत केली. ती बरी होण्यासारखी नाही, असं ठरलं. बंद वॉर्डात ठेवायचं की घरी पाठवायचं, एवढाच प्रश्न उरला. घरी गेली तर ती जीव देईल हे सगळ्यांना दिसत होतं. मार्चअखेर तिला घरी पाठवलं. त्यानंतर काही दिवसांतच तिनं जीवन संपवलं. तेव्हा ती ३३ वर्षांची होती. बिन्सवांगरांनी १९४४-४५ मध्ये तिच्यावर प्रदीर्घ लेख प्रसिद्ध केला आणि त्या मरणात तिचं अस्तित्व खऱ्या अर्थानं तिचं झालं, असा अर्थ लावला.

दादा: मला ते वाचताना संताप आला. एक बाई उपासमारीनं खंगलेली आहे आणि डॉक्टर तिच्या असण्याच्या स्वरूपावर निबंध लिहितो. ज्या १९४४-४५ मध्ये हा लेख छापून येत होता ना, त्याच काळात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांचा प्रयोग चालू होता. युद्धात लढायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण, स्वखुशीनं आलेले. त्यांचं खाणं सहा महिने निम्म्यावर आणलं. मन घट्ट असलेली ही पोरं. काही महिन्यांत ती उदास झाली, चिडकी झाली, माणसांपासून तुटली. दिवसरात्र अन्नाचाच विचार. पाककृतींची पुस्तकं जमवत बसायची. यातला कुणीही आधी असा नव्हता. मग एलेन वेस्टच्या डायरीतला जो अन्नाचा ध्यास बिन्सवांगरला तिच्या अस्तित्वाचा पोत वाटला, त्यातला किती भाग निव्वळ उपासमारीचा होता? तिला आधी खाऊ घालायला हवं होतं. आजच्या कुठल्याही चांगल्या रुग्णालयात तेच पहिलं करतात. तत्त्वज्ञानानं तिचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही, पण ती गेल्यावर त्या मरणाला शोभिवंत केलं, हे तर खरं?

लेक: खरं आहे. मी त्याचं समर्थन करत नाही. करूच शकत नाही. पण यातून कोणता धडा घ्यायचा, तिथे मी तुझ्याहून वेगळी आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं या केसवर लिहिलंय. त्याचा आक्षेप असा की तिला माणूस म्हणून कुणी भेटलंच नाही. वडिलांनी नाही, डॉक्टरांनीही नाही. प्रत्येकानं तिला बाहेरून पाहिलं, तिच्याबद्दल ठरवलं, आणि तिचा स्वतःच्या अनुभवावरचा विश्वास आणखी उडाला. म्हणजे ही केस बोलण्याच्या उपचाराचं अपयश नाहीच. तिथे कुणी तिच्याशी बोललंच नाही. अस्तित्वाची भाषा होती आणि भेट नव्हती. आम्हाला शिकवताना ही केस धोक्याची सूचना म्हणूनच वाचायला देतात.

दादा: पण ती भाषाच तशी आहे की नाही? जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरकडून घेतलेली. स्विस मनोविकारतज्ज्ञ मेडार्ड बॉसच्या झोलिकॉनमधल्या घरी १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षं हायडेगर डॉक्टरांचे वर्ग घेत होता. हा माणूस १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला होता. आणि तुमचा दुसरा आधारस्तंभ फ्रँकल, त्याची आई आणि भाऊ ऑशविट्झला गेले, बायको बर्गेन-बेल्सनला गेली. एकाच झाडाखाली ही दोन माणसं कशी बसतात?

लेक: अवघडच बसतात. मला हायडेगर पेशंटसमोर लागत नाही. यालोमची भाषा साधी आहे, एमी व्हान ड्यूर्झनची त्याहून साधी. शरीराचं जग, माणसांचं जग, स्वतःचं जग आणि श्रद्धा-मूल्यांचं जग, या चारांत माणूस कुठे अडकलाय ते ती बघते. गावातल्या आशा सेविकेलाही हे समजेल.

दादा: मग फ्रँकलचंच घेऊ. त्याची ती म्हाताऱ्या डॉक्टरची गोष्ट सगळे सांगतात. बायको जाऊन दोन वर्षं झाली तरी दुःख हटत नाही. फ्रँकल विचारतो, तुम्ही आधी गेला असतात तर? तिला फार सोसावं लागलं असतं, असं तो म्हणतो. मग फ्रँकल सांगतो, ते तुम्ही तिचं वाचवलंत, त्याची किंमत तुम्ही मोजताय. डॉक्टर हात मिळवून निघून जातो. ऐकायला सुंदर. पण त्याला अर्थ कुणी दिला? फ्रँकलनं. तू म्हणतेस आयता अर्थ नसतो, आणि इथे तर हातावर ठेवलाय. दुसरं, त्याच्या पुस्तकाचा बाजारात झालेला वापर बघ. छळछावणीत अर्थ सापडतो, तर तुला तुझ्या नोकरीत का सापडत नाही? सोसण्याचं ओझं वर आणि अर्थ न सापडल्याचा दोष त्याहून वर. कर्जात बुडालेल्या माणसाला हे ऐकवणं मला क्रूर वाटतं.

लेक: दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत, आणि पहिला तर आमच्याच लोकांनी घेतलाय. फ्रँकलची पद्धत हुकूमशाहीकडे झुकते, असं रोलो मेनं लिहिलं होतं. दुसऱ्याबद्दल सांगायचं तर, जे वाचले ते अर्थ सापडल्यामुळे वाचले असं फ्रँकल म्हणत नाही. बरेच जण निव्वळ योगायोगानं वाचले, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टाळता येण्यासारखं दुःख मुकाट्यानं सोसण्यात काही थोरवी नाही, हेही त्यानं स्पष्ट लिहिलंय. कर्ज फेडता येत असेल तर आधी कर्ज. अर्थाचा प्रश्न येतो तो जे फेडताच येत नाही त्याच्यासाठी.

इथे मला मध्ये बोलल्याशिवाय राहवलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण काही ना काही अर्थ हातात ठेवून गेला. देवाला आवडले. सुटले बिचारे. पुण्यवान, झोपेत गेले. तुमचं ऋणानुबंधाचं देणं तेवढंच होतं. वाईट हेतू एकाचाही नव्हता, आणि घर भरलेलं होतं म्हणून मी उभी राहिले, हेही खरं. पण तुला काय वाटतंय, असं मला तेरा दिवसांत कुणीही विचारलं नाही. दुःखाला अर्थ देण्याची आपल्याला फार घाई असते. समोरच्याचं दुःख आपल्याला बघवत नाही म्हणून आपण ते झाकतो. हे मी बोलले तेव्हा दादानं मान खाली घातली, कारण त्या बोलणाऱ्यांत तोही होता. पण मग तोच म्हणाला ते मला आजही पटतं: तेराव्याला जमलेली माणसं हा आपला सगळ्यात जुना उपचार आहे आणि शहरात तो मोडत चालला आहे. तो मोडला म्हणून तासाला दीड-दोन हजार देऊन ऐकणारा माणूस शोधावा लागतो.

दादा: आणि तो परवडतो किती जणांना? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. माझ्या ओपीडीत बाहेर साठ-सत्तर माणसं बसलेली असायची. अशा देशात काय करायचं ते गोव्यात करून दाखवलंय. 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ पेशंटांवर प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसं समुपदेशक म्हणून तयार केली. सहा ते आठ भेटी. बोलायचं कशाबद्दल, तर दिवस कसा भरायचा, सोडून दिलेली कामं हळूहळू परत कशी धरायची. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा फरक पडला, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यात मृत्यू नाही, एकटेपण नाही, हायडेगर नाही.

लेक: पण कोणती कामं परत धरायची हे कसं ठरतं? त्या माणसाला काय महत्त्वाचं वाटतं, हे विचारूनच ना? तुझ्या शेतकऱ्याला बैल, दुसऱ्याला भजनी मंडळ. मला तर ते काम आमच्या फार जवळचं वाटतं. फक्त ते लोक मोठी नावं घेत नाहीत, आणि तेच बरं आहे.

दादा: नावं घेत नाहीत आणि मोजतात. तुम्ही मोजायला तयार नसता. 'माणूस आकड्यात बसत नाही' हे वाक्य मी तुमच्या किती परिषदांत ऐकलंय.

लेक: ते वाक्य मलाही आवडत नाही. मोजलंय. वोस, क्रेग आणि कूपर यांनी २०१५ मध्ये १५ चाचण्या एकत्र केल्या, १,७९२ लोक. ज्या पद्धतींत अर्थाबद्दल ठरवून, टप्प्याटप्प्यानं काम होतं, त्यांचा परिणाम चांगला दिसला. ज्यांत नुसता आधार आणि भावना व्यक्त करणं होतं, त्यांचा फारसा दिसला नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विल्यम ब्राइटबार्टनं फ्रँकलच्या विचारावर आठ बैठकांचा गट-उपचार बांधला, वाढलेल्या कर्करोगाच्या २५३ पेशंटांवर तपासला, आणि तोही दुसऱ्या गट-उपचाराशी तुलना करून. निराशा कमी झाली.

दादा: आणि १९८९ चं विसरलीस? यालोमबरोबर काम केलेल्या डेव्हिड स्पीगलनं 'लॅन्सेट'मध्ये छापलं की स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ज्या बायका गटात येत होत्या त्या जवळजवळ दुप्पट जगल्या. ८६ बायकांचा अभ्यास. जगभर बातमी झाली. मग २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर करून बघितलं, आयुष्य वाढलं नाही. स्पीगलनं स्वतः पुन्हा केलं, त्याच्याही हाती तेच आलं. किती बायकांनी त्या बातमीवर भरवसा ठेवला असेल? आणि आजार बळावला तेव्हा, आपणच मन घट्ट केलं नाही, असं किती जणींना वाटलं असेल?

लेक: ते फार वाईट झालं. माझ्याकडे अजून नातेवाईक येतात, 'मॅडम, यांची विल पॉवर वाढवा, म्हणजे गाठ कमी होईल'. मी स्पष्ट सांगते, माझ्या बोलण्यानं गाठ कमी होणार नाही. पण २००१ चा तोच अभ्यास पुढे वाच, मामा. आयुष्य वाढलं नाही, पण ज्या बायका जास्त खचलेल्या होत्या त्यांचं मन सावरलं आणि वेदनाही कमी जाणवली. मरायचंच आहे तिथे उरलेले महिने कसे जातात, हे तुला कमी वाटतं?

दादा: कमी नाही वाटत. मला फक्त कळत नाही की तू तिथे नेमकं करतेस काय.

लेक: सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. एसटीतले निवृत्त कंडक्टर होते. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग, जबडा काढलेला, नाकातून नळी. बोलता यायचं नाही, म्हणून वही दिलेली. नळी दोनदा स्वतः ओढून काढली. वॉर्डात सगळ्यांचं मत, डिप्रेशन आहे, गोळी चालू करा. मी गेले तर वहीत लिहिलं, 'आयुष्यभर तिकिटं फाडली. दुसरं काय केलं.' माझ्या ओठांवर आलंच होतं, असं नका म्हणू, किती लोकांची सेवा केलीत तुम्ही. ते गिळलं. तेवढं गिळायलाच मला बरीच वर्षं लागलीत. मी विचारलं, कोणत्या गाडीवर होता? त्यांनी लिहिलं, मुक्कामी. मग एकाखाली एक थांबे लिहायला लागले, न थांबता, पान भरलं, मागची बाजू भरली. एका फाट्यापाशी पेन थांबलं. तिथे लिहिलं, 'शाळेच्या पोरी. पावसात ओढ्याला पाणी आलं की उशीर करायच्या. त्या आल्याशिवाय मी डबल बेल दिली नाही कधी. मेमो मिळाला दोनदा.'

दादा: मग त्यांना बरं वाटलं.

लेक: नाही. मग ते रडले आणि मग चिडले. पुढच्या भेटीत तंबाखूबद्दल लिहिलं, मुलाबद्दल फार कडवट लिहिलं. मुलगा एकदा येऊन गेला, दोघांचं फार काही जुळलं नाही. वेदना कमी झाली ती मॉर्फिननं, त्याचं श्रेय मी घेणार नाही. पण नळीचं कळलं. त्यांना मरायची घाई नव्हती. सगळी माणसं त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होती. नळी, पुढची केमो, किती दिवस ठेवायचं. त्यांच्या हातात उपटून टाकण्यासारखी एकच गोष्ट होती, ती त्यांनी उपटली. आम्ही डॉक्टरांसह बसलो, त्यांना सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला काय हवंय? केमो नको, नळी राहू दे, घरी सोडा, असं त्यांनी लिहिलं. घरी गेले. यालोम ज्याला निर्णयाची मोकळीक म्हणतो ती मला एवढीशीच दिसली, पण दिसली.

दादा: हे कुठलीही चांगली सिस्टर करते.

लेक: करते. आणि कुठल्याही वॉर्डात तिला त्यासाठी वेळ मिळत नाही.

बोलण्याच्या उपचारांत दादाचा कल अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीकडे आहे. १९५५ मध्ये एलिसनं ती मांडली आणि कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती मराठीत रुजवली; आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना तिनं सावरलं आहे. दादाचं म्हणणं, चूक विचारात असेल तर ती दाखवून द्या, माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. लेकीनं विचारलं, जिचं मूल गेलं तिच्या विचारात कोणती चूक दाखवशील? दादा म्हणाला, काहीच नाही. एलिसही शोक आणि नैराश्य यांत फरक करतो, शोक हा निरोगीच. मला त्या दोघांपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. माणसानं स्वतःला विनाशर्त स्वीकारावं, हा एलिसचा गाभ्याचा विचार. त्यासाठी तो अस्तित्ववादी धर्मचिंतक पॉल टिलिखचं ऋण मान्य करतो. रोलो मे तर टिलिखचा विद्यार्थीच. म्हणजे दादाचं गाव आणि लेकीचं गाव एकाच नदीच्या दोन काठांवर आहेत. भांडण खरं आहे, पण ते औषध विरुद्ध संवाद असं नाही. समोरच्या माणसाचं दुःख चुकीचं आहे की योग्य आहे, हे न ऐकताच ठरवण्याची घाई कोण करतो, यावरचं ते भांडण आहे. त्या घाईत बिन्सवांगरही होते आणि पाच मिनिटांत गोळी लिहिणारा डॉक्टरही आहे. माझं मत विचाराल तर दोघांचा दोष मला सारखाच वाटतो.

शेवटच्या संध्याकाळी दोघं कामाच्या गोष्टींवर आले.

दादा: तू मला शब्द दे. कुणीही आलं, कितीही शिकलेलं, कितीही गोड बोलणारं, आधी थायरॉइड तपासायचा. झोप, भूक, वजन विचारायचं. जीव द्यावासा वाटतो का हे सरळ शब्दांत विचारायचं, आडून नाही. वाटत असेल तर त्या दिवशी अर्थ-बिर्थ काही नाही, माणूस एकटा सोडायचा नाही, डॉक्टरकडे पोचवायचा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ आहे, तो घरच्यांना लिहून द्यायचा.

लेक: दिला शब्द. हे मी करतेच, पण तुझ्यासमोर पुन्हा म्हणते. आता तू दे. तू अजून ज्या शिबिरांना जातोस तिथे केसपेपरवर एक ओळ वाढव. आजारी पडायच्या आधी दिवस कशात जायचा, आणि आता ते काम कोण करतं?

दादा: माझ्या शेतकऱ्याला हे विचारलं असतं तर...

लेक: मी त्याच्यासाठीच म्हणतेय.

दादा: विचारीन. पण एक सांग, बाहेर साठ माणसं असताना तो खरंच सांगायला लागला तर?

लेक: मग सगळ्यात शेवटी बसव त्याला. पण बसव.

दादा: शेवटी बसवलं तर त्याची परतीची गाडी जाईल.

लेक: तर मग पुढच्या वेळी पहिला नंबर त्याला दे.